बेलसांगवीचं परतीचं तिकीट

वडजाई रेल्वे स्टेशन सोमवारी सकाळी सव्वानऊला स्वतःच्याच तिकीट खिडकीशी आलं आणि त्यानं बेलसांगवीचं परतीचं तिकीट मागितलं.

खिडकीआड पद्माकर कुलथे होते. सव्वीस वर्षं तिकिटं देऊन देऊन समोर कोण आहे हे बघायची त्यांची सवय सुटली होती. पण आवाज छतातूनही येत होता, म्हणून त्यांनी मान वर केली.

"किती जण?"

"मी एकटंच. वय एकशे बारा." मग स्टेशन जरा थांबून म्हणालं, "बेलसांगवी माझी बहीण. एकाच कंत्राटदारानं, एकाच वर्षी बांधलं आम्हाला. मधे अकरा किलोमीटर. रोज फोनवर बोलतो, गाडी सोडू का, सोड. पण भेट नाही. येत्या एक तारखेला ती बंद होतेय."

ती नोटीस कुलथ्यांनीच डकवली होती, आणि तीही या स्टेशनाच्याच भिंतीवर. त्यांना अपराध्यासारखं झालं.

स्टेशन मास्तर हुद्दारबाईंनी नियमांचं पुस्तक शेवटपर्यंत चाळलं. "स्टेशनानं प्रवास करू नये असं कुठे म्हटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "फक्त इतरांना बसायला जागा ठेवायची."

नऊ पन्नासच्या पॅसेंजरला स्टेशन चढलं. घड्याळ, नळ, वजनकाटा आणि प्रतीक्षालयात झोपलेले दोघे, सगळ्यांसकट ते शेवटच्या डब्यात खिडकीशी बसलं. कुलथे तिकीट खिडकीआड असल्यामुळे त्यांनाही जावं लागलं.

हुद्दारबाईंनी झेंडी दाखवली, गाडी हलली. पण स्टेशन गाडीतच असल्यामुळे गाडी स्टेशनातून सुटली अशी नोंद करता येईना. ती धावत होती आणि कागदोपत्री वडजाईलाच उभी होती. वाटेत एका फाटकापाशी ती थबकली, तेव्हा एका गृहस्थांनी "वडजाईच ना हे?" असं विचारलं. कुलथ्यांनी हो म्हणून त्यांचं तिकीट घेतलं. ते गृहस्थ ज्वारीत उतरून गेले.

बेलसांगवी म्हणजे दोन खोल्या, एक बाक आणि एक कडुनिंब. वडजाई गाडीतून उतरून तिच्यासमोर उभं राहिलं.

"फोनवर तू मोठं वाटायचंस," बेलसांगवी म्हणाली.

"छप्पर बदललं माझं. पहिलं उंच होतं." वडजाई घुटमळलं. "एक तारखेनंतर तू कुठे जाणार?"

"नोटिशीत ते लिहिलेलं नाही."

वडजाई कुलथ्यांकडे वळलं. "वडजाईचं एक तिकीट. जाण्यापुरतंच."

कुलथ्यांनी तिकिटावर शिक्का मारला. मग विचारलं, "सामान काय आहे?"

"बाक आणि कडुनिंब," बेलसांगवी म्हणाली.

"बाक हातात धरा. कडुनिंबाचं अर्धं तिकीट लावतो."

परतीच्या गाडीनं सगळे आले. बेलसांगवी वडजाईच्या समोर, रुळांच्या पलीकडे बसली. एक तारखेला एक अधिकारी ती बंद करायला मूळ जागी गेले. तिथे स्टेशनच नव्हतं, त्यामुळे बंद करता आलं नाही, असा शेरा मारून ते परतले. फोन मात्र आता लागेना, कारण दोघं दिवसभर बोलत असायची.

मंगळवारी बेलसांगवी गावच्या सगुणाबाई वांग्यांची पाटी घेऊन कडुनिंबाखाली आल्या. मंगळवारी वडजाईचा बाजार असतो. कुलथे रूळ ओलांडून तिकडची खिडकी उघडायला गेले.

"वडजाई, एक," सगुणाबाई म्हणाल्या.

"मावशी, समोर दिसतंय ते वडजाईच आहे."

"असू दे. बिनतिकिटाची मी कधी गेले नाही."

कुलथ्यांनी तिकीट दिलं. ते कनवटीला खोचून सगुणाबाईंनी पाटी डोक्यावर घेतली.

"आलात कशा?" कुलथ्यांनी विचारलं.

"चालत. पहाटेच निघाले," सगुणाबाई म्हणाल्या. "स्टेशन गावापासून जरा लांब गेलंय. पण गाडीतला वेळ वाचतो."