अण्णा केळुसकरांची जांगड गिटार

आमचे शेजारी अण्णा केळुसकर गिटारची तार छेडत आणि लगेच मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत. माणूस वाजवताना डोळे मिटतो, नाहीतर ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे आशेने बघतो. अण्णा दाराकडे बघत. दारात कोणी नसे. मग ते गिटार खाली ठेवत आणि म्हणत, "छान आहे. पण ही नव्हे."

आमच्या गिरगावातल्या चाळीने याचा अर्थ एकमताने लावला होता. अण्णा बायकोला घाबरतात, झालं. सुमतीवहिनी होत्याही तशाच. समोर उभं राहून बोललं तर हसून नीट उत्तर देत, पण पाठीमागून हाक मारली तर ढिम्म. नळावर बायकांनी "अहो सुमतीबाई" म्हणून गळा काढावा आणि बाईंनी कळशी उचलून चालू लागावं. फार शिष्ट, असा चाळीचा निकाल होता आणि मलाही तो मान्य होता.

अण्णा काळबादेवीच्या कापसाच्या पेढीवर कारकून. धोतर, काळी टोपी, छत्री. अशा माणसाला एके दिवशी विजेवर चालणारी गिटार घ्यावीशी वाटली. ते खूळ धोबीतलावावरून आलं. तिथे पास्कल नावाचा एक गोवेकर राहायचा, रात्री हॉटेलच्या बँडमध्ये वाजवायचा आणि दुपारी खिडकीत बसून रियाज करायचा. पेढीचं टपाल टाकायला निघालेले अण्णा त्या खिडकीखाली थांबले ते टपाल विसरूनच परत आले.

"याला ब्लूज म्हणतात," त्यांनी मला सांगितलं. "अमेरिकेत कापूस वेचणाऱ्या काळ्या लोकांचं गाणं. आपल्या धंद्यातलंच की!"

कापसाचा आणि गाण्याचा संबंध माझ्या डोक्यात शिरेना. त्यातून अण्णा पिकअप समजावू लागले. पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसवलेलं लोहचुंबक, त्याच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे वेढे. ते तारा टेकतात त्या घोडीजवळ बसवलं तर आवाज बारीक, टणक. गिटारच्या मानेकडे बसवलं तर जाड, गोल. जर्मन पिकअप चांगलं, पण खिशाला झेपणारं नाही. चोरबाजारातलं झेपणारं, पण कशातून उपटलेलं ते देव जाणे. हे सगळं ऐकून मी घरी गेलो आणि आईला म्हटलं, माझ्या कपाळाला अमृतांजन चोळ.

गिटार पसंत करण्याची अण्णांची तऱ्हा पेढीवरची. वाद्यांच्या दुकानातून ते गिटार जांगड आणत. जांगड म्हणजे माल घरी न्यायचा, मनास आला तर ठेवायचा, नाही तर जसाच्या तसा परत. कापसाचा नमुना जांगड जातो, पैठणी जांगड जाते, पण गिटार जांगड नेणारा माणूस त्या पारशी दुकानदाराने प्रथमच पाहिला असावा. तरी बिचारा देत गेला. शोधूनशोधून स्वस्तातली काढून द्यायचा. अण्णा ती घरी आणत, तिची वायर रेडिओच्या पाठीमागे ग्रामोफोनसाठी असलेल्या भोकात खुपसत, तार छेडत, दाराकडे बघत आणि दुसऱ्या दिवशी परत करत.

एकदा मी सोबत गेलो होतो. दुकानदाराने विचारलं, "केळुसकर, तुमको कैसा साउंड मांगता?"

अण्णा गंभीरपणे म्हणाले, "ट्रॅमसारखा."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी काचेच्या कपाटातल्या बासऱ्यांकडे बघू लागलो. ठाकूरद्वारच्या वळणावर ट्रॅम करकरते, घुमते, खडखडते. त्यातलं नेमकं काय या माणसाला गिटारमध्ये हवं होतं? "मग ढोल घ्या ना अण्णा," मी बाहेर आल्यावर म्हटलं. "ढोल नको रे," ते म्हणाले आणि छत्री उघडून चालू लागले.

शेवटी दुकानदाराचाही धीर सुटला. त्याने कलकत्त्याची एक गिटार काढली. पास्कलने मध्ये पडून चोरबाजारातलं एक पिकअप तिच्या मानेकडे बसवून दिलं आणि स्वतःच वाजवून नाक मुरडलं. "अण्णा, मॅन, ये तो एकदम चिखल है!" दुकानदाराने बजावलं, "ये लास्ट. कल वापस लाया तो फिर मेरे दुकान में नहीं आने का."

ती गिटारही रेडिओवर वाजली. दार रिकामंच राहिलं. अण्णांनी ती मांडीवरून उतरवली, पण "ही नव्हे" म्हणायला त्यांची जीभ रेटेना. आता दुसरी कुठली मिळणार नव्हती. इतका रडवेला माणूस मी परीक्षेच्या निकालाशिवाय पाहिला नव्हता.

त्या संध्याकाळी चाळीच्या चौकात संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. लाउडस्पीकरची जबाबदारी माझ्याकडे. नेहमीचा कर्णा बिघडलेला, म्हणून भाड्याने लाकडी पेटीतला एक अवाढव्य लाउडस्पीकर आला होता. तो दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत, केळुसकरांच्या दारासमोरच ठेवला. त्यातून "हॅलो, हॅलो" म्हटलं तरी गॅलरीच्या फळ्या थरथरत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अण्णा," मी म्हटलं, "दोष गिटारचा नसेल, तुमच्या रेडिओचा असेल. एवढ्याशा रेडिओतून ट्रॅम कशी जाणार?"

अण्णा गिटार घेऊन गॅलरीत आले. इतक्या गिटारी त्यांनी परत केल्या होत्या, पण रेडिओ जांगड आणावा असं त्यांच्या मनात आलं नव्हतं! "वक्ते यायच्या आत," ते कसेबसे म्हणाले, "पाचच मिनिटं."

मी वायर जोडली. अण्णांनी सगळ्यात जाड तार छेडली आणि चाळ हंबरली. खाली जमलेली माणसं दचकून वर बघू लागली. तो आवाज हळूहळू विरला तसे मागच्या बाजूचे एक आजोबा सवयीने ओरडले, "झालाच पाहिजे!"

अण्णांनी पुढची ओळ वाजवली. सगळा चौक म्हणाला, "झालाच पाहिजे!" सभेचे चिटणीस दाजी राणे जिन्यावरून धावत आले. "केळुसकरांनू, काय चललाहा काय ह्यां? वक्ते फाटकाशी इले!"

अण्णांचं लक्षच नव्हतं. ते वाजवत होते आणि दाराकडे बघत होते. आणि दारात सुमतीवहिनी उभ्या होत्या. हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले. त्या कुणाकडे न बघता पुढे आल्या आणि त्यांनी लाउडस्पीकरच्या पेटीवर तळवा टेकला. अण्णा गाण्याची एक फेरी संपवून पुन्हा पहिल्या ओळीवर आले, तशा त्या मोठ्यांदा, अगदी चौकात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "परत इला!"

"काय परत आलं?" मी गोंधळून विचारलं.

"गाणं," अण्णा म्हणाले. त्यांचा हात थांबला नव्हता. "तापात तिचे कान गेले रे. बारीक आवाज सगळे गेले. जाड थोडे राहिलेत. समोरच्याचे ओठ बघून निभावते. ट्रॅम गेली की मान वर करते. कुणाला सांगू नका म्हणाली, म्हणून बोललो नाही. ढोल तिला ऐकू येतो, पण ढोलात गाणं नसतं ना. हे गाणं जाड आहे. सावकाश चालतं, फिरून फिरून तेच येतं. एका फेरीत निसटलं तरी पुढच्या फेरीत सापडतं तिला."

मला नळावरचा आमचा निकाल आठवला आणि फार वाईट वाटलं. दाजींनी टोपी काढून हातात घेतली. खाली वक्ते व्यासपीठाच्या पायरीवर थांबले होते आणि त्यांना कुणी वर चला म्हणत नव्हतं.

बोलण्याच्या नादात अण्णांचं बोट भलत्याच तारेवर पडलं. मला काही कळलं नाही, दाजींना तर नाहीच नाही. पेटीवरचा हात न उचलता वहिनी म्हणाल्या, "अहो, आता चुकलात!"

अण्णा ओक्साबोक्शी रडू लागले. रडता रडता मला म्हणाले, "चुकलो! ऐकलंस? तिला कळलं मी चुकलो ते!" मग बाहीने डोळे पुसून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांना आता दाराकडे बघायचं कारण नव्हतं.