वापरकर्ता एक, वापरकर्ता दोन

गिऱ्हाईक जे बोलतं ते मी जसंच्या तसं लिहिते. माझ्या पदरचं काही घालत नाही आणि त्याचं काही गाळत नाही. सॉफ्टवेअर कसं हवं हे लोकांच्या तोंडून काढून कागदावर उतरवणं हा माझा धंदा, आणि त्यात माझा हात धरणारं महादेवपुऱ्याच्या आमच्या ऑफिसात कोणी नाही, असं माझं स्पष्ट मत होतं. पुण्याहून येताना मी सामान कमी आणि मतंच जास्त आणली होती.

त्यामुळे माझ्या मॅनेजरने, भव्याने, मला एकटीला के. आर. पुरमच्या गिऱ्हाइकाकडे पाठवलं तेव्हा मी खुशीत होते. "साइन-ऑफ ले आओ, शाल्मली, फिर लीड तुम," ती म्हणाली. म्हणजे माझ्या कागदावर गिऱ्हाइकाची सही आली की मी टीमची लीड. आईला बढतीची बातमी मी त्याच संध्याकाळी देऊन टाकली. आईने ती सोसायटीला दिली.

गिऱ्हाईक म्हणजे निपाणीकडचे दोन भाऊ. थोरले दयानंदअण्णा लग्नाचे मंडप घालायचे, धाकटे बसवंतकाका लग्नाचं जेवण करायचे. गोडाऊन एकच. एका टोकाला बांबू आणि कापडं, दुसऱ्या टोकाला चुली, आणि मध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या एकीत एक घालून रचलेली उंच भिंत. दोघांत बोलणं नव्हतं. त्यापायी मागच्या एका लग्नात मंडप हेब्बाळला उभा राहिला आणि जेवण गेलं महादेवपुऱ्याला. एकीकडे वऱ्हाड सावलीत उपाशी, दुसरीकडे जेवण उन्हात तयार. म्हणून त्यांना अ‍ॅप हवं होतं. लग्न कुठे आहे ते एकाने टाकलं की दुसऱ्याला दिसावं, बस.

एवढंच लिहून उठले असते तर आज मी लीड असते. पण खोलात शिरायचा माझा स्वभाव.

"अण्णा, धाकट्यांबद्दल अ‍ॅपमध्ये काय काय दिसायला हवं?"

"त्येचं तोंड तेवढं दिसायला नको, मॅडम."

मी लिहिलं.

"आणि जेवण उशिरा पोचलं तर?"

"दंड लावा की. वेळेचं भान न्हाई त्येला, लहानपणापासनं."

तेही लिहिलं. मग खुर्च्यांना वळसा घालून पलीकडे गेले. बसवंतकाकांनी आधी मला पोटभर जेवायला घातलं. मी म्हटलं, "काका, मुळात बिनसलं कशावरून?" मुळाशी जाणं हे आमच्या कामातच येतं.

"माझ्या लेकीचं लगीन हुतं. भर पंगतीत, व्याह्याच्या शेजारी बसून ह्यानं मीठ मागितलं. ओरडून. म्हंजे माझी आमटी अळणी, न्हवं का? आचाऱ्यानं तोंड कुठं दाखवायचं?"

"मग अ‍ॅपमध्ये त्यासाठी काय करू?"

"दर जेवणाला आमटीला मार्क द्यायला लावा त्येला. लेखी. आणि मंडप पडला तर कुणाच्या बांबूनं पडला त्येचं नाव मोठ्या अक्षरात टाका."

मी सगळं टिपून घेतलं. एवढी मोकळेपणाने बोलणारी गिऱ्हाइकं मला आजवर मिळाली नव्हती.

सहीच्या दिवशी मी खुर्च्यांच्या भिंतीच्या टोकाशी बसले. तिथून दोघांना माझा आवाज जात होता आणि दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. अण्णा म्हणजे वापरकर्ता एक, काका म्हणजे वापरकर्ता दोन असं धरून मी खणखणीत वाचायला लागले.

"वापरकर्ता दोन याचा फोटो वापरकर्ता एक याला दिसणार नाही."

दोन्हीकडे सामसूम. मला वाटलं, पसंत पडलं.

"जेवणास उशीर झाल्यास वापरकर्ता दोन याला दंड. वारंवार उशीर झाल्यास त्याचे खाते कायमचे बंद." हे खात्याचं वाक्य मात्र माझ्या पदरचं होतं. दंडाला काहीतरी शेवट असावा, नाही का?

"कुणाचं खातं बंद?" अण्णा उठून उभे राहिले. "माझ्या भावाचं?"

"वापरकर्ता दोनचं," मी समजावलं.

"वापरकर्ता म्हणं. बसू म्हणतात त्येला. आईनं ठेवलेलं नाव हाय."

"पण अण्णा, दंड लावा असं तुम्हीच म्हणालात."

"मी म्हणंन. मी थोरला हाय. तुमचं अ‍ॅप कोण म्हणणार?"

प्रकरण एका बाजूला कलतंय असं वाटून मी घाईघाईने पुढचं वाचलं. "मंडप पडल्यास दोषी म्हणून वापरकर्ता एक याचे नाव मोठ्या अक्षरात."

खुर्च्यांच्या वरून बसवंतकाकांचं डोकं आलं. "अण्णाचा मंडप आजपतोर कधी पडलाय?"

"आणि वापरकर्ता एक आमटीला गुण देईल," माझ्या तोंडून निघून गेलं. पुढची ओळ तीच होती.

"बसूच्या आमटीला मी मार्क देणार? मी?"

"मग मीठ का मागितलास?" बसवंतकाकांनी विचारलं. मला नव्हे, थेट अण्णांना.

"पानात वाढलंच न्हवतं रे. डावी बाजू मोकळी. व्याही बघत हुता. तुझी शोभा हुईल म्हणून घाईनं मागून घेतलं."

"सरी," बसवंतकाका कानडीत 'बरं' म्हणाले आणि वरची खुर्ची उचलून बाजूला ठेवली. अण्णांनी दुसरी उचलली. त्यानंतरच्या बऱ्याचशा मी उचलल्या. मला आनंद झाला होता, अगदी खरा आनंद. भिंत खाली आली तसा मी हळूच कागद पुढे केला.

"अण्णा, सही?"

"आता कशाला, पोरी? लगीन कुठं हाय ते मी त्येला सांगीन की. हाक मारली तर ऐकू जातंय हितनं."

बिनसहीचा कागद मी घडी घालून पर्समध्ये ठेवला.

ऑफिसात मी परतले ती आमटीचा डबा घेऊन. बसवंतकाकांनी सोबत मिठाची पुडीही दिली होती, आठवणीने. भव्याने विचारलं, "साइन-ऑफ?"

"प्रॉब्लेम ही सॉल्व्ह हो गया," मी म्हटलं, "अ‍ॅप के बिना."

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. लीड आमच्याच टीममधला प्रणीत झाला. तो माझ्या शेजारी बसतो, म्हणून माझ्यासाठीचे निरोप ती त्याच्यापाशी देते, आणि माझी उत्तरंही तोच घेऊन जातो. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

काल प्रणीत वैतागून म्हणाला, "तुम्हा दोघींच्या मध्ये एखादं अ‍ॅप का बसवत नाही?" मला कल्पना एकदम पटली. त्यात काय काय हवं ते फक्त कोणीतरी लिहून काढायला हवं. पण ते काम शाल्मलीला अजिबात द्यायचं नाही, असं भव्याने त्याला आधीच बजावून ठेवलंय.