दहा फण्यांचा आकडा

निर्मळचे जॅक्सन स्वतःची ओळख करून देण्याआधी घसा साफ करत. "अख्ख्या वसई-विरारमधला एकमेव गुप्तहेर. नजर घारीची, डोकं बर्फाचं, काळीज पोलादाचं." गुप्त राहता यावं म्हणून तसं कार्ड छापून त्यांनी गावभर वाटलंही होतं. स्कूटर मात्र बायको चालवायची, कारण पोलादी काळीज वळणावर धडधडायचं. बायको फेलिशिया हीच त्यांची सहाय्यक. बिचारीने दुसरी नोकरी शोधायला हवी होती.

त्या दुपारी रेजिनाबायने बोलावलं. संध्याकाळी तिच्या मुलाच्या, केनीच्या, होणाऱ्या सासरी केळ्यांचा घड घेऊन जायचं होतं. आणि टांगून पिकवलेल्या घडाच्या दहा फण्यांवर, वरून खाली, एकेक काळा आकडा उमटला होता: ३८१६५४७२९०.

"हिरव्या केळ्यावर काट्याने ओरखडलं की ते काळं पडतं, घड ओळखता यावा म्हणून सगळेच आपली खूण करतात," रेजिनाबाय म्हणाली. "पण आमची खूण फुली. हे कोणीतरी लग्नावर काहीतरी केलंय. उलगडा होईस्तोवर घड जाणार नाही, केनीही नाही."

नवा शर्ट घालून केनी रडवेला बसला होता. फेलिशियाला त्याची फार दया आली.

केनीचे वडील, निवृत्त शिक्षक ॲन्सेल्म सर, पुढे झाले. "जॅक्सन, ते मी..."

"संशयितांनी विचारल्याशिवाय बोलू नये," जॅक्सन म्हणाले आणि त्यांनी आकडा मोबाइलवर फिरवला. "हा नंबर अस्तित्वात नाही म्हणतात. बघा, गुन्हेगार किती सावध आहे."

"अहो, पण सर काहीतरी..."

"फेलिशिया, एकही आकडा दोनदा नाही. म्हणजे माणूस कंजूष."

सरांनी पुन्हा तोंड उघडलं. जॅक्सननी पुन्हा हात वर केला. मग विषाचा संशय आला, म्हणून त्यांनी सगळ्यात खालची फणी तोडली आणि तपासणीसाठी एकेक करत सगळी केळी खाल्ली. विष सापडलं नाही.

शेवटी फेलिशियाच म्हणाली, "सर, मघापासून काय सांगताय?"

"ते मी लिहिलंय," सर म्हणाले. "टिफनी कॉलेजात गणित शिकवते ना? सुनेला म्हणून भेट. पहिले दोन आकडे अडतीस, त्याला दोनाने भाग जातो. पहिले तीन, तीनशे एक्याऐंशी, तिनाने. असं थेट दहापर्यंत. शून्य ते नऊ सगळे एकेकदा घेऊन असा आकडा जगात एकच."

"मला का नाही सांगितलंत?" रेजिनाबायने कपाळावर हात मारला.

"सांगतच होतो."

केनी उठला, पण घडाकडे पाहून मटकन बसला. "दहावी फणी तर काकांनी खाल्ली."

सरांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि ते हसले. "जाऊ दे, ते शून्य होतं. उरलेल्या नऊ आकड्यांना नवाने बरोबर भाग जातो."

"म्हणूनच मी नेमकी शेवटची निवडली," जॅक्सन तोंड पुसत म्हणाले. "आता आठाने जातो का तेही..."

फेलिशियाने घड केनीच्या खांद्यावर दिला आणि ती मध्ये उभी राहिली.

"ते टिफनी तपासेल," ती म्हणाली. "केनी, पळ."