दामूभाऊंचा मोर

आमचे शेजारी दामूभाऊ बिडी ओढत नसत, पण भेटणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारत, "माचिस हाये का?" दिली की आधी तिच्यावरचं चित्र बघत. चित्र नवं निघालं तरच मग तुमची तब्येत विचारत.

पांढुर्ण्यातल्या एका जिनिंग फॅक्टरीच्या फाटकावर ते चौकीदार म्हणून बसत. आत कापसाचे ढीग, त्यामुळे काडेपेटी न्यायला सक्त मनाई. सौसर-बोरगावकडचे गाडीवान आपल्या पेट्या फाटकावर ठेवून आत जात. परतताना काड्या पूर्ण मिळत, चित्र मात्र गायब. कोणी कुरकुर केली तर दामूभाऊ शांतपणे म्हणत, "काडी चित्रानं पेटते का गा?"

ही चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवून, सन पंच्याऐंशीच्या सुमारास त्यांनी एक खेळ रचला. रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर ते आणि मी आपापली पानं घेऊन बसायचो. जिंकलेलं पान आपलं. कंदील वाघाला हरवी, कारण वाघ उजेडाला भितो. जहाज कंदिलाला हरवी, कारण समुद्रावर वारा फार. दामूभाऊ स्वतः जवळच्या तिगावच्या पुढे क्वचितच गेलेले, पण समुद्राबद्दल ठाम बोलत. मोर मात्र एकच होता आणि तो कधीच हरत नसे. "मोराले मारलं तं सरकार पकडते, मास्तर."

मी डाव जिंकायला आलो की त्यांची वही निघे आणि तिच्यात नवा नियम लिहिला जाई. "शनवारी हत्ती उपाशी राहते. त्याची ताकद अर्धी." दोन वर्षांत आमचा एकही डाव संपला नाही. वहिनी गेल्यापासून माणूस हट्टी झाला, त्याला हार सोसत नाही, असं मी घरी बायकोला सांगत असे.

मग माझी सौसरच्या शाळेत बदली झाली. शेवटच्या संध्याकाळी मी साधी बकरी टाकली. त्यावर दामूभाऊंनी मोर टाकला आणि म्हणाले, "हरला मोर. न्या आता."

"बकरीपुढं?"

"हरला म्हणलं न. डाव संपला."

वही त्यांनी उघडलीच नाही. मला जिंकल्याचा आनंद काही झाला नाही.

सौसरला सामान लावताना मोर हाती आला. मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'नियम. मोर गावाबाहेर गेला तं दर रईवारी त्याले घरी आणून दाखवा लागते.' हे सगळे नियम त्यांनी जिंकण्यासाठी केले नव्हते. डाव संपला की मी उठून घरी जाणार, आणि मागे ते घरात एकटेच उरणार, हे त्यांना नको होतं. दोन वर्षं समोर बसून मला ते कळलं नव्हतं, याची फार लाज वाटली.

रविवारी पहिल्या बसनं पांढुर्ण्याला गेलो. दामूभाऊ ओट्यावर पानं मांडून बसलेच होते. "मोर आणला का?" एवढंच त्यांनी विचारलं. त्या दिवशी माझी पानं भलतीच चांगली पडत गेली. त्यांच्या हातात दोनच पानं उरली, तेव्हा मीच म्हणालो,

"दामूभाऊ, वही काढा न."