घंटेला शंभर टक्के प्रतिसाद

माणसाचं म्हातारपण सुखात जायला माया, औषध आणि ऊन या तीन गोष्टी लागतात, असं पूर्वी समजत. पुढे शासनाने या प्रश्नात लक्ष घातलं, तेव्हा या तिन्ही गोष्टी मोजता येत नाहीत असं ध्यानात आलं. मोजता येतात ते नियमभंग. म्हणून आता वृद्धनिवासांची तपासणी होते, नियमभंग मोजले जातात, दंड होतात आणि म्हातारी माणसं पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षितपणे वाट बघत पडून राहतात.

वाट बघण्यात शिवणकाकूंचा हात धरणारं त्या निवासात कुणी नव्हतं. जन्मभर लोकांचे कपडे शिवून गुडघे गेले, डोळे अधू झाले, तेव्हा मुलाने त्यांना इथे आणून ठेवलं. खोली चांगली होती. खिडकी, कपाट, पलंग आणि उशाशी भिंतीला घंटेची दोरी. दोरी ओढली की मजल्यावरच्या मावशी यायच्या आणि काकूंना धरून न्हाणीघरापर्यंत न्यायच्या. एकटीने उठायची काकूंना मनाई होती. (पडू नये म्हणून.)

मग एका तपासणीत आढळलं, की पलंग भिंतीला टेकलेले असल्यामुळे त्यांच्यामागची धूळ काढता येत नाही. पलंग भिंतीपासून दूर ठेवण्याचा हुकूम निघाला आणि निवासाने तो त्याच दिवशी पाळला. पलंग सरकले. दोऱ्या भिंतीपाशीच राहिल्या, कारण दोऱ्यांबद्दल हुकूम नव्हता. काकूंनी कितीही हात ताणला तरी दोरी बोटांपासून वीतभर लांब.

तेव्हापासून गरज लागली की काकू हाक मारत. मावशी मायाळू होत्या, पण सगळ्या मजल्याला त्या एकट्याच. नेमक्या त्या वेळी दुसऱ्या टोकाला कुणाला तरी भरवत असत. काकू पाय आवळून छताकडे बघत पडत. कधी निभायचं, कधी नाही. नाही निभलं की चादर बदलून घेताना त्या भिंतीकडे तोंड करून म्हणत, "आज मेलं पाणीच जास्त प्यायले मी."

निवासाचं नाव मात्र या काळात वर चढत होतं. घंटा वाजल्यावर किती वेळा कुणी वेळेत गेलं, याची टक्केवारी शासन मागवतं. दोऱ्या हाताला येत नसल्याने घंटा वाजत नव्हत्या, आणि वाजत नसल्याने एकाही घंटेकडे दुर्लक्ष होत नव्हतं. प्रतिसाद शंभर टक्के भरला. (शून्यापैकी शून्य म्हणजे शंभर टक्के कसे, हा प्रश्न शाळेतल्या मुलांना पडतो. खात्याला पडत नाही.) व्यवस्थापकांना मानपत्र मिळालं.

अशात वार्षिक अचानक तपासणी आली. ती अचानक असल्यामुळे तिची तयारी बरीच आधीपासून करावी लागते: पडदे धुणे, कुंड्या भाड्याने आणणे, सगळ्यांची नखं कापणे आणि जे आजोबा विचारलं की खरं सांगतात त्यांना त्या दिवशी बागेत फिरायला नेणे. काकूंना फिरवता येत नसल्यामुळे त्या खोलीतच राहिल्या.

निरीक्षकसाहेब माणूस भला. काकूंच्या पलंगाशी वाकून उभे राहिले.

"कशा आहात काकू?"

"बरी आहे हो. तेवढी ती दोरी हाताला येत नाही बघा."

साहेबांनी दोरी पाहिली, पलंग पाहिला, खिशातून टेप काढून मधलं अंतर मोजलं. "खरंच येत नाही. यामुळे कधी पडलात का?"

"पडेन कशी? उठूच देत नाहीत."

"हाड मोडलं? जखम झाली?"

"नाही बाई."

"मग हा किरकोळ नियमभंग," साहेब समजूत घालत म्हणाले. "इजा असती तर मला काहीतरी करता आलं असतं."

"मग पडू का?"

"छे छे, तसं मी कसं सांगू! पण पडलात तर जरूर कळवा."

"आमच्याकडे पडायला बंदी आहे, साहेब," व्यवस्थापक दारातून अभिमानाने म्हणाले.

किरकोळ नियमभंगाला दंड नसतो, सुधारणा असते. त्यानुसार निवासाने 'वृद्धांच्या जीवनात घंटेचे स्थान' या विषयावर कर्मचाऱ्यांसाठी व्याख्यान ठेवलं. व्याख्यान लांबलं. मावशी खाली ते ऐकत होत्या आणि वर काकू त्यांना हाका मारत होत्या. हजेरी पूर्ण भरली, म्हणून सुधारणा झाली असं धरण्यात आलं.

त्या दिवशीची चादर बदलून झाल्यावर काकू म्हणाल्या, "सुईदोरा आणता का हो, मावशी?"

काकूंच्या जुन्या झग्याला कमरेचा लांब पट्टा होता. मावशींनी पलंग ढकलून भिंतीशी नेला. (थोड्या वेळापुरता नियमभंग.) काकूंनी बोटांनी चाचपत पट्ट्याचं टोक दोरीला शिवलं. टाका घालताना दोरी ओढली जाऊन घंटा सारखी वाजत होती आणि मावशी तिथेच उभ्या असल्यामुळे प्रतिसादही तत्काळ होता. मग पलंग जागेवर गेला. पट्टा काकूंच्या उशीवर येऊन पडला.

पुढे कितीतरी दिवस चादर कोरडी राहिली. काकू पोटभर पाणी पिऊ लागल्या. शेजारचे आजोबा चाकांच्या खुर्चीतून दारात आले. "काय हो, एकटीचीच सोय? आमच्या दोरीला पण एक शेपूट लावा की!"

"माप सांगा आजोबा. आणि जुनं धोतर नको, सुटतं ते," काकू म्हणाल्या.

हां हां म्हणता मजलाभर शेपटं लागली आणि घंटा वाजू लागल्या. मावशींची धावपळ होई. व्यवस्थापकांनी आणखी एक मावशी ठेवावी असं काकूंचं मत होतं, पण ते कुणी विचारलं नव्हतं. टक्केवारी घसरली. इतकी शांत माणसं एकाएकी का वाजवू लागली, या काळजीने खात्याने साहेबांना पुन्हा पाठवलं. या वेळी खरोखरच अचानक.

साहेबांनी पट्टा हातात धरला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "काकू, हा सुरक्षा साधनात अनधिकृत फेरफार आहे. हा पट्टा गळ्यात अडकू शकतो."

"अडकलाय का कुणाच्या?"

"अजून नाही. पण धोका गंभीर आहे."

"आणि हाताला न येणारी दोरी?"

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "ती कशातच अडकू शकत नाही, काकू."

दंड झाला, आणि घसघशीत झाला. तक्रार न करता भरल्यास दंडात सूट मिळते. ती व्यवस्थापकांनी घेतली आणि उरलेला दंड 'सुरक्षा अधिभार' म्हणून रहिवाशांच्या घरच्यांना वाटून दिला. पट्टे कापून पुराव्यादाखल लखोट्यात बंद झाले. प्रतिसाद पुन्हा शंभर टक्क्यांवर आला.

अधिभाराचं पत्र पोचल्यावर काकूंचा मुलगा भेटायला आला. दोरीखालच्या खुर्चीत बसला.

"आई, कशाला नसते उद्योग करतेस? इतकी चांगली जागा आहे. मानपत्र आहे त्यांना."

"चुकलंच रे. जाताना तेवढा पलंग भिंतीकडे सरकवशील?"

"अगं, त्यांना विचारल्याशिवाय कसं सरकवू? पुन्हा दंड व्हायचा."

त्याने पांघरूण सारखं केलं, पाण्याचा ग्लास काठोकाठ भरून ठेवला आणि तो निघाला.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. नियमावलीत व्यवस्थापक, मावशी, पलंग, दोरी आणि धूळ या सगळ्यांवर कलमं आहेत. भेटायला येणाऱ्यांवर एकही नाही. तपासणीचा अहवाल दर्शनी भागात लावलेला असतो. तो वाचलाच पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही, गाडी लावायला जागा आहे का एवढं विचारलं तरी चालतं. तेव्हा काकूंच्या मुलाच्या हातून कोणताही नियमभंग घडलेला नाही. आपणही निर्धास्त असा. गेल्या वेळी आपण ज्यांना भेटून आलात, त्यांचा हात दोरीपर्यंत पोचत होता की नाही, हे आपल्याला कुणीही विचारणार नाही.