भिंतीचे चित्र आणि नऊ मतांचे वर्तमान

श्रीशारदेसी वंदन आणि मैदानाच्या मातीस दंडवत. शके १९४०, विलंबी नाम संवत्सर, वैशाख वद्य द्वितीया, सौम्यवासर. ते दिवशी उत्तरेच्या राज्यात विद्यापीठाच्या भिंतीचे कैसे जाहले, ते आज्ञेप्रमाणे लिहितो.

त्या राज्यी बेसबॉल म्हणोन खेळ. राजा-रंक त्यापायी वेडे. दक्षिणेकडील स्पॅनिश बोलणारी मंडळी, ज्यांस लॅटिनो म्हणतात, त्यांणी येऊन त्या खेळास नूर आणिला, आणि मग राजसभांत बसले, आणि विद्यापीठी नाटके, नाच, रंगकाम मांडिले. त्यांपैकी ग्रासिएलाबाई चितारीण, कलेच्या अध्यापिका. बाईंस खेळातले ओ की ठो कळत नव्हते, परंतु आपली माणसे विसरली जाऊ नयेत हा ध्यास मोठा. म्हणोन तीन मास शिडीवर उभ्या राहून व्यायामशाळेच्या भिंतीवर चित्र काढिले. त्यात उसाच्या फडात पोत्याचे हातमोजे शिवून खेळणारे पूर्वज, सभेत बोलणाऱ्या बाया, गिटारवाले, नाटकवाले, अवघे आले. जुने खेळाडू रोज कॉफी घेऊन येत आणि गप्पा मारीत. त्यांत एवारिस्तोबाबा मुख्य. बाबांनी वीस वर्षे फेकीचे चेंडू झेलिले, त्यात बोटे वाकडी जाहली, आणि बाईंनी चित्रात ती वाकडीच काढिली.

मग कोणा कारभाऱ्यांस भिंत पांढरीच शोभते ऐसे वाटले. नऊ विश्वस्तांची सभा ठरली. नियम ऐसा की एकानेही नाही म्हटले तर चित्रावर चुना. चुन्याच्या बादल्या आदल्या दिवशीच भिंतीशी येऊन राहिल्या. एरवी हा कारभार इतका चपळ नव्हे. सभाधिपती नोएमीबाई, फळे तोडणाऱ्यांची लेक, यांणी आपले मत अनुकूल देऊन एकेकास पुसावयास आरंभ केला. दुसरे मत अनुकूल, तिसरे अनुकूल, आणि चौथे होताच, ग्रासिएलाबाईंसह सभा पाहावयास बाकावर बसलेल्या जुन्या खेळाडूंतले एवारिस्तोबाबा बाईंच्या शेजारून उठोन बाकाच्या पार टोकास जाऊन बसले. बाकी म्हातारे छताकडे पाहू लागले. बाईंनी एकास पाणी पुढे केले, तर त्याने मान फिरविली. म्हाताऱ्याची वाकडी बोटे आपण चव्हाट्यावर मांडिली, त्याचा हा राग, ऐसे बाईंच्या मनाने घेतले. ज्यांच्यासाठी काढिले त्यांसच नको, तर ठेवून काय करावे? आठवे मत अनुकूल जाहले आणि बाई उठल्या, की आपणच सांगावे, फासा चुना.

तोच बाबांनी दुरूनच पंजा पालथा धरून दोन वेळा खाली दाबिला. मुखे अक्षर नाही, परंतु डोळे पाण्याने भरलेले. बाई खाली बसल्या.

नववे हॉलिससाहेब. तक्रार मूळ त्यांचीच. ते त्या मुक्या बाकाकडे पाहून हळू बोलिले, "ही मंडळी गप्प का, ते मला ठाऊक आहे. लहानपणी सामना पाहताना बापाच्या मांडीवर मीही असाच गप्प बसलो आहे. आठापर्यंत आलेला डाव मी मोडणार नाही. राहू द्या."

सभेत एकच कल्लोळ जाहला. बाई बाबांपाशी जाऊन रडत पुसू लागल्या, की आपला अपराध काय? बाबा बोलिले, "अपराध कसला, बाई? चेंडू फेकणाऱ्याने समोरच्या एकासही फटका मिळू दिला नाही, तर सामन्याचे नऊही डाव संपेपर्यंत आपले लोक त्याच्याशी बोलत नाहीत, जवळ बसत नाहीत. बोलले की दृष्ट लागते. आजची नऊ मते, तेच नऊ डाव."

"आणि बोटे? त्यांचा राग नाही?"

"ती पाहावयास तर रोज येत होतो."

बाईंचा जीव भांड्यात पडला. मग रडे थांबवून बाबांशी यथास्थित भांडल्या, आणि अवघ्यांस घरी जेवावयास घेऊन गेल्या. येणेप्रमाणे चित्र राहिले, चुना परत गेला, आणि जेवताना म्हातारे इतके बोलिले की कोणाचे कोणास ऐकू येईना. पाहिले तैसे लिहिले.