दस्तगीरचाचांचा लांब खुंटा

आमचे शेजारी दस्तगीरचाचा कुठलीही बिघडलेली वस्तू उघडण्याआधी तिला कान लावत. कंदील असो, कुलूप असो, विहिरीचा रहाट असो. डोळे मिटून कान टेकायचा, बोटानं दोनदा टकटक करायची आणि निकाल द्यायचा, "पोटात वारा धरलाय." ही सवय महाराजांच्या पागेतली. चाचांनी तिथं तीस वर्षं घोड्यांची चाकरी केली, आणि पोट दुखणाऱ्या घोड्याला म्हणे असाच कान लावतात. घोडे बरे होत असतील. आमच्या पेठेतल्या वस्तू होत नव्हत्या.

कान लावून झाला की पुढचं वाक्य ठरलेलं, "ह्यात काय हाय?" कंदील हातात आला की, "ह्यात काय हाय? एक वात आन् एक काच." कुलूप आलं की, "ह्यात काय हाय? एक जीभ आन् एक दात." त्यांनी दुरुस्त केल्यापासून आमचा कंदील उजेडापेक्षा धूर जास्त देई, आणि कुलूप किल्लीशिवायही उघडे.

मी दरबारी कचेरीतला कारकून. दिवसभर साहेबाला हो म्हणायचं, घरी येऊन चाचांना हो म्हणायचं. नाही म्हणायला जी ताकद लागते ती संध्याकाळपर्यंत माझ्यात उरत नसे.

त्या वर्षी पावसाळ्यात चाची विहिरीच्या पायरीवरून घसरली. उजवा दंड धरून आठवडाभर पडून होती. बाई हट्टाची. दुसऱ्याच्या हातचं पीठ तिला चालत नसे, ते आठ दिवस ती पेजेवर राहिली. मग एका पहाटे भिंतीपलीकडून जात्याची घरघर आणि तिची ओवी पुन्हा ऐकू आली. आम्ही म्हटलं, बरं झालं, सावरली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चाचा आमच्या सोप्यात येऊन बसले. घोड्याची लाथ बसल्यापासून त्यांचा गुडघा वाकत नसे, म्हणून ते नेहमी पायरीवर नाहीतर चौरंगावर बसत. कोपऱ्यातल्या जात्याकडे बघत माझ्या बायकोला म्हणाले, "वैनी, जातं जड जातंय न्हवं?"

"जातं जडच असतंय, चाचा."

चाचांनी जात्याला कान लावला. मी कपाळाला हात लावला.

"ह्यात काय हाय? दोन दगडं आन् एक खीळ."

जात्याला टाकी लावणाऱ्या बायका वर्षातून एकदा पेठेत येत आणि छिन्नीनं घडीभरात दगड खरखरीत करून जात. चाचांनी चार दिवस घेतले. हातोडी होती घोड्याला नाल ठोकायची. टाकी लावली की पहिलं दळण जनावराला घालतात, कारण त्यात दगडाची कच उतरते. चाचांची कच पहिल्या दळणात संपली नाही, पाचव्यातही नाही. गवळ्याच्या म्हशीनं तोंड फिरवलं, मला ती सोय नव्हती. कचेरीत मी भाकरी चावू लागलो की शेजारचा कारकून पाण्याचा तांब्या पुढं सरकवी.

एवढ्यावर भागलं नाही. जात्याचा जुना खुंटा वीतभर होता. चाचांनी तो काढून नेला आणि मोडक्या टांग्याच्या दांडीतून हातभर लांब खुंटा करून बसवला. खाली बसून दळणाऱ्या बाईच्या नाकासमोर तो गरगरे.

"ह्यो खुंटा हाय का तंबूची काठी?" बायको म्हणाली.

"चौरंगावर बसून दळता येतंय का, तेवढं बघून सांगा की मला."

"वर बसून कोण दळतंय, चाचा?"

"कोण न्हाय. पर येतंय का?"

"मला न्हाय यायचं."

चाचा खांद्यावरचा पंचा झटकून निघून गेले.

बायकोनं चार दिवस कळ काढली. पाचव्या पहाटे खुंटा उपटून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "जुना घिऊन या, न्हायतर आज भाकरी न्हाय."

मी जांभया देत शेजारी गेलो. दार लोटलेलं होतं. आत चाची गात होती,

"घाटाच्या वाटंवरी धुकं दाटलं दाटलं,
बंधवाच्या घोडीला घर माझं गं भेटलं."

फटीतून पाहिलं. त्यांचा कंदीलही आमच्यासारखाच धुरकट होता. चाची जात्याशेजारी बसली होती. उजवा हात मांडीत निपचित पडलेला, डाव्या हातानं ती मूठ मूठ जोंधळा घालत होती. जात्यापलीकडे चौरंगावर चाचा, एक पाय सरळ लांब केलेला. हातात असाच लांब खुंटा. घामानं भिजून ते जातं ओढत होते.

चाची मध्येच थांबली. "दमलासा न्हवं? बायका हायत की दळणाऱ्या. एकीला सांगा."

"आन् तिच्या हातचं तुला गोड लागंल व्हय?"

तिनं पुढची मूठ जात्यात घातली.

"गात ऱ्हा तू," चाचा हळूच म्हणाले. "तू गप झालीस की पेठंला कळतंय."

आमची पेठ तालमींची. बाप्या माणूस जात्यावर बसतो हे कळलं असतं तर पोरांनी चाचांना रस्त्यानं चालू दिलं नसतं. आणि आमच्या जात्यावर एवढी कारागिरी का झाली तेही मला उमगलं. चाचीच्या भाकरीत कच जाऊ नये म्हणून हात आधी माझ्या दातांवर बसवला होता. रागवायला हवं होतं, पण राग आला नाही. लाज वाटली. वीस वर्षं माझी बायको पहाटे दळत होती, आणि मी अंथरुणातून ओरडत होतो, जरा हळू दळ म्हणून.

मी तसाच परतलो.

"जुना कुठं हाय?" बायकोनं विचारलं.

"ह्योच ऱ्हाऊ दे." खुंटा जात्यात बसवला, चौरंग ओढला आणि म्हणालो, "सरक जरा. ह्यात काय हाय?"

दहाव्या फेरीला दंड भरून आला. बायकोनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"तू नुसती गा," मी म्हणालो.

ती उठली. आधी दाराला कडी घातली, मग येऊन ओवी धरली.